बदामीची पहिली एकट्याने प्रस्तरारोहण सहल : नियोजनाची माहिती

आपल्या मंडळाच्या सभासदांच्या घरातील तरुण मुले-मुली हल्ली गडकिल्ल्यांच्या भटकंतीबरोबर प्रस्तरारोहणही शिकू लागली आहेत. पुण्यात किंवा बंगळूरला नोकरी-शिक्षणासाठी राहताना कृत्रिम भिंतीवर सराव होतो, एखादे शिबिर होते आणि मग एक दिवस घरात विषय निघतो : "मी बदामीला जाऊन येते, एकटीच." त्यावर घरात होणारा संवाद बहुतेकांना ठाऊक आहे. एक बाजू म्हणते, काही होत नाही. दुसरी बाजू म्हणते, जायचेच नाही. माहिती मात्र दोन्हीकडे अपुरी असते.

ही माहिती दोन्ही बाजूंसाठी आहे. तिचे सार एका वाक्यात सांगायचे तर, बदामीला एकट्याने जावे, पण कातळावर एकट्याने चढू नये. पुढचे सगळे या एका वाक्याचा तपशील आहे.

"एकट्याने" या शब्दाचे तीन अर्थ

घरातला गोंधळ बहुधा या शब्दामुळे होतो. म्हणून आधी अर्थ वेगळे करू.

पहिला अर्थ, प्रवास एकट्याने. आपण एकटे घरातून निघतो, लॉजवर एकटे राहतो आणि चढाई तिथल्या जाणकार साथीदाराबरोबर, दोर लावून करतो. या लेखात "एकट्याने" म्हणजे एवढेच.

दुसरा अर्थ, दोर आहे पण साथीदार नाही. विशिष्ट उपकरणे वापरून अनुभवी आरोहक असे करतात. हे नवशिक्याचे काम नव्हे.

तिसरा अर्थ, दोरही नाही आणि साथीदारही नाही. अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स होनॉल्डने ३ जून २०१७ रोजी योसेमिटीचा एल कॅपिटन हा सुमारे नऊशे मीटरचा कडा असा चढला आणि त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाला. आपल्या कर्नाटकात चित्रदुर्गच्या किल्ल्याच्या भिंती दोराविना चढणारे ज्योती राज यांच्या चित्रफिती मोबाईलवर फिरतात. आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर नेमकी हीच चित्रे येतात. म्हणून मुलांनी घरी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगावे, "दोर असेल, दोर धरणारा असेल." निम्मा वाद तिथेच मिटतो.

बदामीच का

सह्याद्रीचा कातळ बहुतांशी बेसॉल्ट म्हणजे काळा लाव्ह्याचा दगड आहे. त्यात गवताळ टप्पे, सुटे दगड, घसारा जास्त. बदामीचा दगड लाल-पिवळा वालुकाश्म आहे. भूगर्भशास्त्रात ज्याला कलादगी खोरे म्हणतात त्या प्राचीन थरांतला. गोकाकच्या धबधब्याचा कठीण दगडही याच खोऱ्यातला. बदामीत या दगडाचे उभे कडे आहेत आणि त्यांत आडव्या खाचा आहेत. बोटांना पकड चांगली मिळते. देशी-परदेशी आरोहकांनी तिथे कड्यात पक्क्या मेखा, म्हणजे बोल्ट, बसवून शंभराहून अधिक मार्ग तयार केले आहेत. ऑस्ट्रियाचे गेरहार्ड शार यांचे नाव त्यात अगत्याने घेतले जाते. टेंपल एरिया, बदामी डीलक्स, प्लॅटू अशी या भागांची नावे आरोहकांच्या तोंडी रुळली आहेत.

मार्गांची काठिण्यश्रेणी फ्रेंच पद्धतीने सांगतात. ५ म्हणजे सोपे, ६ए-६बी म्हणजे नियमित सराव असलेल्यांसाठी, त्यापुढे अवघड. इथला "गणेशा" हा मार्ग ८बी+ श्रेणीचा. देशातील अवघड मार्गांत त्याची गणना होते आणि पुण्याचे तुहिन सातारकर यांनी तो पूर्ण केला आहे. पहिल्या सहलीत आपला संबंध ५ आणि फार तर ६ए शी. कृत्रिम भिंतीवर जी श्रेणी सहज जमते, तिच्यापेक्षा दोन पायऱ्या खालून खऱ्या कातळावर सुरुवात करावी. खऱ्या दगडावर पकडीला रंग दिलेला नसतो.

आणखी एक कारण आपल्या माणसांसाठी. बेळगाव-निपाणी भागातील कितीतरी घराण्यांची कुलदेवता बनशंकरी, आणि तिचे देऊळ बदामीपासून पाचच किलोमीटरवर आहे. बदामी आपल्याला परकी नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी वाट, बसस्थानक, जेवणाखाण पाहिलेले असते. पहिल्या एकट्याच्या प्रवासाला अशी पाहिलेली जागा बरी.

या कड्यांचा मान

ज्या कड्यांवर चढायचे त्यांचा इतिहास ठाऊक असावा. चालुक्य राजा पहिला पुलकेशी याने शके ४६५, म्हणजे इ.स. ५४३ मध्ये वातापीचा डोंगर तटबंदीने अभेद्य केला, असा शिलालेख तिथल्याच कड्यावर कोरलेला आहे. अगस्त्य तीर्थ या तळ्याच्या दक्षिणेच्या कड्यात चार लेणी आहेत. तीन हिंदू, चौथे जैन. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे.

लेणी, तटबंदी, भूतनाथ मंदिरे, शिलालेख ही सर्व केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. त्यांच्यावर किंवा त्यांना लागून चढाई करायची नाही, दोर बांधायचा नाही, खडूची भुकटी उडवायची नाही. स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. चढाईचे भाग वेगळे आहेत. सध्या कोणत्या भागात जाता येते, कोणाची परवानगी लागते, हे निघण्यापूर्वी स्थानिक मार्गदर्शकाला विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. बदामीत जनरल थिमय्या राष्ट्रीय साहस अकादमीचेही प्रस्तरारोहण केंद्र आहे. तिथेही चौकशी करता येते.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मार्चपासून ऊन चढते आणि दगड तापतो. घामाने बोटे घसरतात आणि दुपारी कड्याखाली थांबणेही नको होते. हंगामातही सकाळी सात ते अकरा आणि दुपारी साडेतीननंतर अशा दोन पाळ्या ठेवाव्यात. कोणता कडा केव्हा सावलीत असतो, हे मार्गदर्शकाकडून आधीच समजून घ्यावे.

दोन गोष्टी कॅलेंडरवर तपासाव्यात. एक, बनशंकरीची जत्रा. पौष महिन्यात शाकंभरीच्या नवरात्रात सुरू होते आणि पौर्णिमेला रथ असतो. इंग्रजी महिना साधारण जानेवारीचा. त्या दिवसांत लॉज मिळत नाहीत आणि बसगाड्या भरून येतात. देवदर्शन आणि चढाई एकाच सहलीत उरकायचा मोह टाळावा. दोन, अवकाळी पाऊस. ओला वालुकाश्म आतून ठिसूळ होतो. वरून कोरडा दिसला तरी पकड तुटू शकते आणि मार्ग कायमचा खराब होतो. पाऊस झाला असेल तर किमान एक दिवस, मोठा झाला असेल तर दोन-तीन दिवस चढाई बंद. त्या वेळेत लेणी पाहावीत, पट्टदकल-ऐहोळे करून यावे.

निघण्यापूर्वी अंगात काय असावे

बदामी ही शिकलेले वापरण्याची जागा आहे. पहिला धडा तिथे गिरवायचा असेल तर एकट्याने जाऊ नये, रीतसर शिबिरात जावे. एकट्याने जाणाऱ्याला पुढील पाच गोष्टी डोळे मिटून यायला हव्यात.

१. हार्नेस नीट घालून आठाच्या आकाराची गाठ मारणे आणि दुसऱ्याची गाठ तपासणे.

२. बिले देणे, म्हणजे खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणे. दोर सोडणाऱ्या बाजूवरचा हात कधीही सुटता कामा नये.

३. पडणारा माणूस दोरावर थांबवणे आणि त्याला सावकाश खाली उतरवणे.

४. मार्गाच्या वरच्या टोकाला स्वतःला अडकवून घेणे, दोर ओवणे आणि खाली येणे. या टप्प्यावर एक क्षण दोर सोडलेला असतो. तो क्षण कृत्रिम भिंतीवर शंभर वेळा जमिनीलगत करून पाहिल्याशिवाय कड्यावर करू नये. जमत नसेल तर साथीदाराला वरचा दोर लावू द्यावा आणि आपण फक्त त्या दोरावर चढावे. त्यात कमीपणा नाही.

५. नाही म्हणणे. याविषयी शेवटी लिहिले आहे.

सामान

स्वतःचे तीन जिन्नस तरी असावेत : बूट, हार्नेस, हेल्मेट. बाकी सामान भाड्याने किंवा मार्गदर्शकाकडून मिळते, पण पाहून घ्यावे.

दोर ६० किंवा ७० मीटर लांबीचा, साधारण साडेनऊ ते दहा मिलिमीटर जाडीचा, धक्का शोषून ताणला जाणारा, खास चढाईसाठी बनवलेला हवा. विहिरीवरचा सोल, ट्रकवर माल बांधायचा दोर, नायलॉनची बाजारी दोरी, यांपैकी काहीही चालत नाही. ते वजन पेलतात, पण पडणाऱ्या माणसाचा धक्का शोषत नाहीत. तो धक्का मग माणसाच्या कमरेला आणि मेखेला बसतो. दोरावर, हार्नेसवर, कॅराबिनरवर यूआयएए किंवा सीई हे शिक्के पाहावेत.

लांबीचा हिशेब साधा आहे. खाली येताना दोर दुहेरी लागतो. म्हणून ६० मीटरच्या दोरावर ३० मीटरपेक्षा उंच मार्ग करायचा नाही. आणि हिशेब चुकला तरी जीव जाऊ नये म्हणून दोराच्या मोकळ्या टोकाला नेहमी गाठ मारायची. ही गाठ नसल्यामुळे दोर हातातून निसटून माणूस खाली कोसळल्याचे अपघात जगभर झाले आहेत. गाठ मारायला अर्धा मिनिट लागतो.

याशिवाय दोन लिटर पाणी, टोपी, हेडटॉर्च, चिकटपट्टी आणि बँडेज, शिट्टी, पॉवर बँक, आधार कार्ड आणि थोडी रोकड.

साथीदार कसा निवडावा

अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात "कॅम्प ४" नावाचे तंबूंचे मैदान आहे. तिथे जगभरचे आरोहक एकटे येतात आणि सूचनाफलकावर चिठ्ठी लावून दोराचा जोडीदार शोधतात. या जागेचे महत्त्व मानून २००३ साली तिची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदीत भर पडली. आपल्या सभासदांची कॅलिफोर्नियातली नातवंडे तिथे जातात, तेव्हा एका जागेत सहा जण अनोळखी माणसांशेजारी झोपतात आणि खाण्याचे सामान अस्वलांपासून लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवतात, असे ऐकून इथे आजी-आजोबा धास्तावतात. पण त्यामागचा नियम बदामीसारखाच आहे : एकटे या, जोडीने चढा.

बदामीत असे तंबूंचे मैदान नाही आणि सूचनाफलकही नाही. तिथे राहणारे मार्गदर्शक आहेत. त्यांची नावे आपल्या प्रशिक्षकाकडून किंवा गिर्यारोहण संस्थेतील अनुभवी माणसाकडून घ्यावीत, निव्वळ मोबाईलवरच्या जाहिरातीवरून नव्हे. निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करून हे प्रश्न विचारावेत :

– बदामीत किती हंगाम काम केले? प्रशिक्षण कोठे झाले?
– माझ्याबरोबर एकूण किती जण असतील?
– दोर केव्हा घेतला, किती वापरला?
– हेल्मेट सगळ्यांना असते का?
– अपघात झाला तर गाडी कोणाची, दवाखाना कोणता?
– रोजचे शुल्क किती, त्यात काय धरले आहे?

चांगला मार्गदर्शक या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट तोही आपल्याला विचारतो, "तुम्ही कोठे शिकलात, बिले येते का?" जो काहीच विचारत नाही, त्याच्याविषयी सावध राहावे.

आम्ही नोकरीभर बँकेत होतो. तिथली तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. यात एकमेकांवर अविश्वास नसतो. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी चुकू शकतो, एवढेच त्यात मानलेले असते. दोराचेही तसेच. प्रत्येक चढाईपूर्वी चढणाऱ्याने बिले देणाऱ्याचे उपकरण पाहायचे, बिले देणाऱ्याने चढणाऱ्याची गाठ पाहायची. दहाव्या चढाईलाही. चहा पिऊन आल्यावरही.

भाषेविषयी एक सूचना. मार्गदर्शक कानडी बोलणारा असेल, आपण मराठी. आपल्यापैकी बहुतेकांना कामापुरती कानडी येते, पण वीस मीटर उंचीवर वाऱ्यात शब्दांचा घोळ परवडत नाही. चढण्यापूर्वीच चार शब्द ठरवून घ्यावेत : "टेक" म्हणजे दोर ताण, "स्लॅक" म्हणजे दोर सैल सोड, "लोअर" म्हणजे मला खाली उतरव, "सेफ" म्हणजे मी वर अडकलो आहे. वर पोचल्यावर दोरावरून उतरवायचे की स्वतः रॅपलिंग करून येणार, हेही जमिनीवरच ठरवावे. वर गेल्यावर ठरवले तर खालचा समजतो एक आणि वरचा करतो दुसरे.

प्रवास आणि मुक्काम

निपाणीहून बेळगाव महामार्गाने सुमारे ७५ किलोमीटर. बेळगावहून बदामी रामदुर्ग मार्गे सुमारे दीडशे किलोमीटर, बसने चार-पाच तास. थेट गाडी न मिळाल्यास रामदुर्गला किंवा बागलकोटला बदलावी लागते. रेल्वेने जायचे तर बेळगावहून हुबळी आणि तिथून गदगमार्गे बागलकोट-विजयपूरकडे जाणारी गाडी. बदामी स्थानक गावापासून पाच किलोमीटरवर आहे. रिक्षा, टमटम मिळते, पण रात्री उशिरा पोचणारी गाडी पहिल्या वेळी टाळावी. अंधार पडण्यापूर्वी लॉजवर, हा नियम ठेवावा.

मुक्कामाला बसस्थानकाच्या परिसरात लॉज आहेत. राज्य पर्यटन महामंडळाचे मयूर चालुक्य हॉटेलही आहे. खोली आधी फोनवर ठरवावी आणि लॉजचे नाव घरी कळवावे. उघड्यावर, तळ्याकाठी किंवा पठारावर तंबू ठोकू नये. एकट्या मुलींनी बसस्थानकाजवळची, कुटुंबे उतरतात अशी जागा घ्यावी. खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी हे सगळे आपल्याच घरच्यासारखे मिळते.

पहिल्या सहलीला तीन दिवस पुरतात. पहिला दिवस प्रवास, संध्याकाळी मार्गदर्शकाची भेट, सामान पाहणे. दुसरा दिवस सकाळी चढाई, दुपारी विश्रांती, संध्याकाळी हलकी चढाई. तिसरा दिवस सकाळी दोन-तीन मार्ग, अकराला आवरणे आणि दुपारची गाडी. तिसऱ्या दिवशी "आणखी एक मार्ग" हा मोह फार महागात पडतो. त्याविषयी खाली.

माकडे आणि मधमाश्या

माकडे बदामीत सर्वत्र आहेत. पिशवी उघडी दिसली की गेलीच. खाणे बंद डब्यात, डबा बंद पिशवीत, पिशवी माणसाजवळ. हातात खाऊ घेऊन चालू नये.

मधमाश्यांचा विषय गंभीर आहे. उंच कड्यांवर आग्या मोहोळ असते. कड्याखाली पोचल्यावर आधी वर पाहावे. मोहोळ दिसले तर तो मार्गच नव्हे, तो भाग सोडावा. अत्तर, सुगंधी तेल लावू नये, विडी-सिगारेट किंवा शेकोटीचा धूर करू नये, आरडाओरडा करू नये, दगड मारू नये. माश्या उठल्या तर चेहरा झाकून पळत दूर जावे. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, म्हणूनच ही काळजी आधी. "जेनु" म्हणजे मध आणि "जेनुहुळ" म्हणजे मधमाशी, हे दोन कानडी शब्द लक्षात ठेवावेत. गुराखी तसे ओरडून सांगत असेल तर तो गंमत करत नसतो.

खर्च आणि विमा

बसभाडे, लॉज, जेवण, मार्गदर्शकाचे शुल्क, सामानाचे भाडे अशी पाच खाती मांडावीत आणि एकूण रकमेच्या निम्मी रक्कम वेगळी राखीव ठेवावी. ती एका रात्रीच्या जादा मुक्कामासाठी किंवा खासगी गाडीने परत येण्यासाठी. पैसे नाहीत म्हणून रात्री प्रवास करावा लागू नये.

विम्याची पॉलिसी कपाटातून काढून वाचावी. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये साहसी खेळांचा अपवाद आहे आणि त्यात प्रस्तरारोहणाचे नाव आहे. पण तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. हौशी माणसाला तो लागू नाही. वैयक्तिक अपघात विम्यात मात्र शब्दरचना वेगळी आणि अधिक कडक असू शकते. शंका असल्यास कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. पॉलिसी क्रमांक आणि नॉमिनीचे नाव घरी ठाऊक असावे.

घरी ठेवायचा कागद

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा. तो आम्ही अनुभवातून शिकलो.

आमची पुतणी पहिल्यांदा बदामीला एकटी गेली तेव्हा घरात आठ दिवस बोलाचाली झाली होती. शेवटी "शुक्रवारी जाते, रविवारी रात्रीपर्यंत येते" एवढ्यावर ती गेली. रविवारी रात्री अकरापर्यंत ती आली नाही. फोन बंद. लॉजचे नाव आम्हाला माहीत नव्हते. मार्गदर्शकाचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तिची आई देवासमोर बसली आणि आम्ही व आमचा भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होतो. पोलिसांना फोन करावा तर काय सांगावे? कोठे गेली, कोणाबरोबर, केव्हा निघाली, एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. रात्री सव्वा वाजता ती दारात उभी राहिली. एक मार्ग जास्त केला, त्यामुळे दुपारची गाडी चुकली, पुढची रामदुर्गपर्यंतच होती आणि फोनची बॅटरी संपली, एवढेच झाले होते. चूक लहान होती. पण त्या दोन तासांत आम्हाला कळले की भीती चढाईची नव्हती, काहीच माहीत नसण्याची होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून कागद-पेन घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला काय काय ठाऊक हवे ते सांगा, मी लिहून देते." तो कागद असा :

– जाण्या-येण्याची तारीख, गाडीची वेळ, कोठे बदलणार.
– लॉजचे नाव व फोन.
– मार्गदर्शकाचे नाव व फोन. त्याच्या घरचा दुसरा एक नंबर.
– रोज कोणत्या भागात चढणार. बदल झाला तर एक संदेश.
– रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, विमा क्रमांक.
– रोज दोन वेळा कळवायचे : सकाळी निघताना आणि संध्याकाळी खाली आल्यावर. संदेश एका शब्दाचा चालेल.
– हाक मारायची वेळ : संध्याकाळचा संदेश आठपर्यंत आला नाही तर घरच्यांनी आधी मार्गदर्शकाला, मग लॉजला फोन करायचा. नऊपर्यंत पत्ता न लागल्यास ११२.

शेवटचा मुद्दा दोन्ही बाजूंना बांधतो. मुलाने आठच्या आत कळवायचे. आणि घरच्यांनी आठच्या आत दहा वेळा फोन करायचा नाही. दोर धरलेल्या माणसाच्या खिशात फोन वाजणे धोक्याचे असते.

अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८, एकत्रित मदतीसाठी ११२. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांची बचाव पथके सह्याद्रीसाठी आहेत, इथे स्थानिक मदतच आधी पोचते. बदामीत तालुक्याचे सरकारी रुग्णालय आहे आणि बागलकोटला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. उंचावरून पडलेल्या माणसाला उचलून बसवू नये, पाणी पाजू नये, मान-पाठ हलू न देता मदतीची वाट पाहावी.

परत फिरणे

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, कागद ठेवून. ठरलेला मार्गदर्शक आजारी पडला आणि ओळखीतून दुसरा माणूस आला. त्याने हेल्मेट आणले नव्हते आणि दोराच्या टोकाला गाठ मारायला सांगितली तर हसला. तिने त्याला अर्ध्या दिवसाचे पैसे दिले, नमस्कार केला आणि ती लेणी पाहायला गेली. दुसऱ्या दिवशी बनशंकरीचे दर्शन घेऊन घरी आली. चुलतभावांनी "बदामीला जाऊन कातळाला हात न लावता आली" म्हणून चिडवले. आमच्या मते एकट्याने जाण्याची परीक्षा ती त्या दिवशी पास झाली. सोबत कोणी नसताना, पैसे आणि सुट्टी खर्ची पडलेली असताना नाही म्हणता येणे, हे आठाच्या गाठीइतकेच शिकावे लागते.

म्हणून घरच्यांना विनंती. मूल न चढता परत आले तर "मग गेलीस कशाला?" असे विचारू नये. ते विचारले की पुढच्या वेळी ते नाही म्हणणार नाही.

मुलांनाही विनंती. परवानगी मागताना कागद आधी पुढे करावा. घरातल्या माणसांचा दोर आपल्या कमरेला बांधलेला असतोच. त्याचे टोक कोणाच्या हातात आहे, हे त्यांना ठाऊक असले म्हणजे ते तो सैल सोडतात.